पाचवी इमारत

आमच्या वसाहतीच्या फाटकासमोर, रसवंतीगृहाला लागून असलेल्या कट्ट्यावर गेल्या रविवारी संध्याकाळी जो वाद झाला, त्याला निमित्त झाले एका निवेदनाचे. वसाहतीत 7 मजल्यांच्या 4 इमारती उभ्या आहेत, आणि बागेपलीकडच्या मोकळ्या तुकड्यावर बिल्डरने आता 22 मजल्यांच्या पाचव्या इमारतीचा फलक लावला आहे. त्याविरुद्ध हरकत नोंदवण्यासाठी सुधीरने तीन पानांचा मसुदा तयार करून आणला होता आणि रस येईपर्यंत सर्वांच्या सह्या घेऊन मोकळे व्हावे, असा त्याचा बेत होता.

मसुद्यात एकूण 9 हरकती होत्या. टँकरवर चालणारा पाणीपुरवठा, अपुरे पार्किंग, बागेवर पडणारी सावली आणि दिसेनासा होणारा डोंगर हे मुद्दे अपेक्षितच होते. परंतु सातव्या क्रमांकावर, नव्या इमारतीत लहान सदनिका असल्याने भाडेकरूंचे प्रमाण वाढून वसाहतीचा दर्जा खालावेल, असेही लिहिले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या नानांनी तो मुद्दा वाचला आणि कागद मांडीवर पालथा घातला.

“सुधीर, मी 19 वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला आहे, तेव्हा या कागदावर माझी सही होणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. “कल्याणला डब्यात शिरताना जो ‘आत सरका’ म्हणून ओरडतो, तोच ठाणे आले की दारात आडवा उभा राहून ‘जागा नाही’ म्हणू लागतो. आपल्या चार इमारतींच्या जागी आधी शेत होते, आणि त्या शेताच्या मालकाला डोंगर आपल्यापेक्षा अधिक चांगला दिसत असला पाहिजे.”

सुधीरला हे लागले. 20 वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या घराची किंमत कोसळण्याची भीती वाटणे हा अपराध कसा, असे त्याने विचारले. आणि माझ्या मते त्याची भीती खरी होती, फक्त तिला मिळालेले शब्द चुकीचे होते.

पेशाने वकील असलेल्या शुभदाताईंनी मग मसुदा हातात घेतला. डोंगराचे दृश्य हा कायद्याने मिळणारा हक्क नाही, आणि उजेड व हवा यांचा हक्क सांगायचा तर 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार तो उपभोग 20 वर्षे अखंड चालू असावा लागतो. आपल्या इमारतींना तर अजून 6 वर्षेही झालेली नाहीत, असे त्यांनी सांगितले. “आपले गाऱ्हाणे शेजाऱ्याविषयीचे नाही, ते दिलेल्या शब्दाविषयीचे आहे,” त्या म्हणाल्या. “घर विकताना आपल्याला जो नकाशा दाखवला, तो आपल्या संमतीवाचून बदलला का, एवढाच प्रश्न विचारायचा. महाराष्ट्रात सदनिका घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या 1963 च्या मोफा कायद्याचे कलम 7 याच प्रश्नासाठी आहे, आणि बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 14 सांगते की, मंजूर आराखड्यात, लेआउटमध्ये म्हणजे भूखंडावरील इमारतींच्या मांडणीत किंवा सामाईक जागांमध्ये बदल करायचा असेल, तर घर घेणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची लेखी पूर्वसंमती हवी. शिवाय एकाच कुटुंबाने पाच सदनिका घेतल्या असल्या, तरी संमती मोजताना ते कुटुंब एकच धरले जाते.”

येथे मकरंदने तोंड उघडले. तो वास्तुरचनाकार असल्यामुळे आमच्या कट्ट्यावर बिल्डरची बाजू नेहमी त्याच्याच वाट्याला येते, आणि खरे सांगायचे तर ती तो बिल्डरपेक्षा अधिक प्रामाणिकपणे मांडतो. दोन तृतीयांश म्हणजे नेमके कोणाचे, असा त्याचा प्रश्न होता. कलमात ‘अशा इमारतीत’ घर घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. पाचवी इमारत हा महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात, वेगळ्या क्रमांकाने नोंदवलेला स्वतंत्र टप्पा आहे, आणि तिच्यात तर अजून एकही घर विकले गेलेले नाही. दुसरे असे की, 1986 मध्ये मोफात दुरुस्ती झाली. त्यामुळे ज्या जादा इमारती मूळ लेआउटमध्ये आधीच दाखवलेल्या असतात, त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी नव्याने संमती घ्यावी लागत नाही.

“दाखवलेल्या असतात, हा शब्द तूच उच्चारलास, हे बरे झाले,” शुभदाताई म्हणाल्या. “जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार सोसायटी या खटल्यात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा पाहिला होता. संपूर्ण योजना पहिल्यापासून ग्राहकापुढे उघड केली पाहिजे, अशी अट त्यातून निघते.”

सुधीरने दिल्लीजवळच्या नोएडाचा दाखला काढला. तेथील एमराल्ड कोर्ट वसाहतीतल्या रहिवाशांनी सुपरटेक या बिल्डर कंपनीच्या दोन मनोऱ्यांविरुद्ध लढा दिला आणि 28 ऑगस्ट 2022 रोजी ते दोन्ही मनोरे स्फोटकांनी पाडले गेले. पाडण्याचे काम मुंबईच्याच एका कंपनीकडे होते, हेही त्याने अभिमानाने सांगितले. मकरंद म्हणाला, “तो निकाल नीट वाच. रहिवासी 2012 मध्ये उच्च न्यायालयात गेले, तेथे 2014 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयात 2021 मध्ये जिंकले. दोन इमारतींमध्ये किमान 16 मीटर अंतर हवे होते ते 9 मीटरच होते, आणि रहिवाशांची संमती घेतलेली नव्हती. त्या खटल्याचा कणा अंतर आणि संमती हा होता. वसाहतीचा दर्जा त्यात कोठेही नव्हता.”

मग ही हरकत फलक लागण्यापूर्वीच का घेतली गेली नाही, असे मी विचारले. मकरंदच्या मते, विकास आराखड्यातील आरक्षण बदलायचे असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. खासगी भूखंडावरील बांधकाम परवानगीसाठी मात्र शेजाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही. 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. मला वाटते, सुधीरच्या मसुद्यात पाणी, डोंगर, भाडेकरू असे सगळे एकत्र कोंबले गेले, त्याचे मूळ येथेच आहे. योग्य वेळी कोणी काही विचारत नाही, म्हणून अवेळी माणूस मनात येईल ते सर्व सांगून टाकतो.

नानांनी एक अवघड प्रश्न विचारला. करारनाम्यात, प्रवर्तकाला म्हणजे बिल्डरला योग्य वाटतील ते सर्व बदल करण्यास खरेदीदाराची संमती आहे, अशा अर्थाचे कलम होते, आणि त्यावर आपण सर्वांनी सह्या केल्या आहेत, त्याचे काय? क्षणभर कोणी बोलले नाही, कारण ते कलम सही करण्यापूर्वी वाचलेला त्या कट्ट्यावर एकही नव्हता. अशी सरसकट संमती कलम 7 खालची संमती ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे, असे शुभदाताईंनी सांगितल्यावर सुधीरचा जीव भांड्यात पडला. परंतु मूळ लेआउटमध्ये नेमके काय होते, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

माझे घर फाटकाजवळच असल्याने मी जाऊन करारनामा घेऊन आलो. शेवटच्या जोडपत्रातील नकाशावर, मोबाइलच्या उजेडात, बागेपलीकडे ठिपक्यांच्या रेषेचा एक आयत दिसला आणि त्यात बारीक अक्षरांत ‘भावी विकास’ असे लिहिलेले होते. सुधीर म्हणाला की, घर घेताना तो आयत म्हणजे बॅडमिंटनचे मैदान, असे त्याला विक्री कार्यालयात सांगितले होते.

“म्हणजे इमारत दाखवली होती,” मकरंद म्हणाला.

“एक आयत दाखवला होता,” शुभदाताई म्हणाल्या. “मजले किती, उंची किती, सदनिका किती, यांपैकी काय दाखवले होते?”

या प्रश्नावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि रसवंतीवाला खुर्च्या उचलू लागेपर्यंत ते होण्याचे चिन्हही नव्हते. मात्र निवेदन एका पानाचे करावे, हे सर्वांना मान्य झाले: मूळ व सुधारित लेआउटमधला फरक, बागेच्या क्षेत्रावरचा परिणाम, आणि घेतली न गेलेली संमती. दोन्ही लेआउटच्या प्रमाणित प्रतींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी करायचा होता, आणि तो नानांनी आपल्याकडे घेतला. जुन्या मसुद्यातली सातवी हरकत त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडली. डोंगराची हरकत खोडायला मात्र त्यांनी पेन सुधीरकडे दिले, आणि सुधीरने ते बराच वेळ नुसतेच हातात धरून ठेवले.