स्कूटरवर बसून: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी माझ्या आजाराबद्दल (लोक त्याला क्रॉनिक फटीग म्हणतात) आणि धावण्याच्या कोचिंगबद्दल एकत्र लिहिलं होतं. त्यावर साताऱ्यातल्याच एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. ती काढून टाक, असं मला दोघांनी सुचवलं. काढलेली नाही, जशीच्या तशी खाली आहे. ज्यांना तिथवर जायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सारांश सांगते. लेखातलं एक साल चुकलं आहे. 'व्यायामाने हा आजार बरा होत नाही' असं लिहिणं धोक्याचं आहे, त्याने आळशी लोकांना निमित्त मिळतं. मी एका धडधाकट धावपटूला कॉम्रेड्स या दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या ९ आठवडे आधी थांबवलं, ते माझ्याच आजाराची भीती त्याच्यावर लादून. मी ज्या दिवशी येत नाही त्या दिवसांचीही फी घेते. आणि मग हे वाक्य: "स्कूटरवर बसून दुसऱ्याला घाट चढायला लावणं सोपं असतं, मॅडम." शेवटी 'राग मानू नये, आपला हितचिंतक' आणि जोडलेल्या हातांचं चित्र.

आधी चूक मान्य करते. पेस ट्रायल, म्हणजे या आजारावर वाढत्या व्यायामाचा उपचार तपासणारी ब्रिटनमधली चाचणी, तिचा निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तो २०११ साली. मी २००७ लिहिलं. २००७ हे ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या नाइस या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेचं साल आहे. डोक्यात धुकं असलं की अशी अदलाबदल होते. दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. चूक कबूल करायला मला कधीच लाज वाटलेली नाही.

आता राग मानू नये याबद्दल. सर, ज्या वाक्यानंतर 'राग मानू नये' लिहावं लागतं, ते वाक्य लिहितानाच आपल्याला ठाऊक असतं की समोरच्याला राग येणार. आणि 'मॅडम'! पूर्ण प्रतिक्रियेत तुम्ही मला 'लेखिका' म्हणता, 'आपण' म्हणता, आणि नेमकं टोचायच्या जागी 'मॅडम'. मी चौदा वर्षं लोकांना पळवते आहे. माझ्या गटात कलेक्टर कचेरीतले लोक आहेत, भाजीवाले आहेत, एक दातांच्या डॉक्टर आहेत. सगळे ताई म्हणतात. ज्यांना ताई म्हणायचं नसतं ते नावाने हाक मारतात. 'मॅडम' म्हणतात फक्त बँकेत, कर्ज नाकारताना.

असो. स्कूटर.

हो, मी स्कूटरवर असते. पांढरी ॲक्टिव्हा, मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन, पायाशी गूळ, खजूर आणि मिठाच्या गोळ्यांची पिशवी. रविवारी पहाटे बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो तिथे मी इंजिन चालू करते आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या मागे राहते. तुम्हाला ते आराम वाटलं. बसून काय दिसतं ते सांगते, कारण तुम्ही घाटात मला नक्कीच पाहिलं असणार, पण मी काय पाहत होते ते पाहिलेलं नाही.

पहिल्या वळणाला मी बोलते. प्रत्येकाला काहीतरी विचारते. काल जेवण काय केलंस, पोराची परीक्षा कशी गेली. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर वेग ठीक. दोन-दोन शब्दांत आलं तर तो माणूस शर्यत पळतोय, सराव नाही. नुसती मान हलली तर मी त्याला चालायला लावते, आणि तो मला मनात शिव्या देतो. दुसरं म्हणजे कान. बुटांचा आवाज. दोन्ही पाय एकसारखे वाजले पाहिजेत. डावा 'टप' आणि उजवा 'थप' असा आवाज येऊ लागला की कुठेतरी दुखतंय आणि लपवलं जातंय. तिसरं खांदे. ते कानाकडे सरकले की पुढच्या किलोमीटरला कंबर वाकणार. हे सगळं समोरून धावणाऱ्याला दिसत नाही. बरोबर धावणाऱ्यालाही दिसत नाही, कारण तो स्वतःच्या श्वासात असतो. मी धावत होते तेव्हा मला दिसत नव्हतं. मी चांगली धावपटू होते आणि तेव्हा माझं कोचिंग सुमार होतं. माझ्या पहिल्या गटातल्या तिघांना मी पळवून पळवून जखमी केलं, कारण मला जमतं ते त्यांनाही जमेल असं मला वाटायचं.

उताराचं तर बोलूच नका. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर म्हणजे निम्मा चढ आणि निम्मा उतार. माणसं चढाला घाबरतात आणि पाय मोडतात उतारावर. उतारात मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. कॉम्रेड्स तर ८५ ते ९० किलोमीटरची, साधारणपणे एका वर्षी पीटरमारित्झबर्गकडे चढायची, एका वर्षी डर्बनकडे उतरायची, १२ तासांच्या आत. उताराच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात लोकांचे पाय खुंट्यासारखे होतात. या सरावासाठी उतारात माणसाच्या मागे राहून त्याच्या गुडघ्यांकडे बघणारं कोणीतरी लागतं. ते स्कूटरवरूनच जमतं. रोज अजिंक्यतारा चढून जाणाऱ्या माणसाला (आपणच लिहिलं आहे, ६२ व्या वर्षी, रोज, न थांबता) हे माहीत असायला हवं होतं. तुमचे गुडघे शाबूत आहेत याचं कौतुकच आहे. डोळ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

हे शेवटचं वाक्य काढून टाकावं असं दोनदा वाटलं. राहू दे.

जो करतो त्यानेच शिकवावं, हा तुमचा नियम लावायचा तर आचरेकर सरांना शिवाजी पार्कवरून घरी पाठवावं लागलं असतं. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना एकच. केनियात इतेनला ब्रदर कोल्म ओ'कॉनेल नावाचे आयरिश गृहस्थ आहेत. १९७६ साली भूगोल शिकवायला गेले, अॅथलेटिक्सचं कसलंही शिक्षण नव्हतं. त्यांच्या हाताखालच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत मारली, विश्वविक्रम. ब्रदर त्याच्या बरोबर पळत होते की काय? मी स्वतःला त्यांच्या रांगेत बसवत नाही, उगाच पुढची प्रतिक्रिया त्यावर नको. मुद्दा बघण्याचा आहे.

आणि मी कधी पळलेच नाही अशातली गोष्ट नाही. मुंबई मॅरेथॉन सहा वेळा, सर्वोत्तम ३ तास ४१ मिनिटं. सातारा हिल हाफ पहिल्यांदा झाली २०१२ साली, तेव्हा मी त्यात होते. पेडर रोडचा चढ ३५ किलोमीटर पायात असताना कसा लागतो ते मला कुणी स्कूटरवर बसून सांगितलेलं नाही.

मग २०१७ च्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप आठ दिवसांत उतरला, प्लेटलेट भरून आल्या, सगळे म्हणाले महिनाभर विश्रांती घे. महिना झाला, दोन झाले. एक दिवस दोन किलोमीटर चालून आले, बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी कंगवा उचलवेना. हे तीन-चारदा झाल्यावर डॉक्टरांच्या पायऱ्या सुरू झाल्या. (पायऱ्या शब्दशः. एकाचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद.) थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी, साखर, इको, सगळं ठीक. एकांनी विचारलं, घरात काही ताण आहे का? दुसऱ्यांनी माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारलं, या आधीपासून अशाच आहेत का? नाव कळायला अडीच वर्षं लागली. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, लोक म्हणतात क्रॉनिक फटीग. ते नाव मला आवडत नाही, कारण त्यावर प्रत्येक जण 'अगं, थकवा तर मलाही येतो' म्हणतो.

या मधल्या काळात एका फिजिओथेरपिस्टने मला ट्रेडमिलवर घातलं. ५ मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला २ मिनिटं वाढवायची. काहीही वाटलं तरी थांबायचं नाही, शरीराला सवय लागते. मला ही भाषा ओळखीची होती. मी स्वतः हेच लोकांना सांगत आले होते. इतकी आज्ञाधारक रुग्ण त्यांना पुन्हा मिळाली नसेल. पाचव्या आठवड्यात १३ मिनिटं केली, सहाव्यात १५, आणि त्यानंतर चार महिने अंधाऱ्या खोलीत. कुकरची शिट्टी सहन होत नव्हती. सासूबाई माझ्यासाठी डाळ पातेल्यात शिजवायच्या.

तेव्हा 'व्यायामाने बरा होत नाही' हे मी आळसाने लिहिलेलं नाही. निरोगी माणूस ताण घेतो, झोपतो आणि थोडा वर येऊन उठतो. आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. या आजारात उलटं होतं. परिश्रमाची किंमत एक-दोन दिवसांनी वसूल होते, तीही व्याजासकट. सलग दोन दिवस सायकलवर बसवून ऑक्सिजन मोजणारी चाचणी असते. निरोगी माणूस, अगदी खुर्चीवरचा सुस्त माणूससुद्धा, दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेच आकडे देतो. या रुग्णांचे दुसऱ्या दिवशी घसरलेले आढळतात. ज्या पेस ट्रायलचं साल तुम्ही दुरुस्त केलंत, तिच्यात ६४१ रुग्ण होते, आणि वाढत्या व्यायामाने फायदा होतो असा तिचा निष्कर्ष होता. पण तिचे निकष बघा. शारीरिक क्षमतेचा गुण ६५ किंवा कमी असेल तर माणूस आजारी म्हणून आत घ्यायचा, आणि शेवटी ६० असला तरी तो 'सामान्य मर्यादेत' धरायचा. म्हणजे ६५ चा ६० झाला, बिघडला, तरी त्या मोजपट्टीवर चांगलं. नाइसने २०२१ मध्ये वाढत्या व्यायामाचा हा उपचार मार्गदर्शिकेतून काढला. एवढं अचूक साल तुम्हाला माहीत होतं, तर पुढचं वाचायला काय हरकत होती?

मी आज कशी जगते ते मागच्या लेखात आलंच आहे. घड्याळात हृदयाच्या १०५ ठोक्यांना अलार्म लावलेला आहे. आंघोळ स्टुलावर. पोळ्या बसून, त्याही चारच. उभी राहिले की ठोके धावतात, म्हणून मीठ जास्त आणि पायात घट्ट मोजे. रविवारी घाट असेल तर शनिवार आणि सोमवार कोरे ठेवायचे. त्या दोन दिवसांत लग्न, बारसं, मयत, काहीही असो, मी नसते. नातेवाइकांनी बोलावणं सोडलं आहे. स्कूटर ही माझी चैन नाही, ती माझी काठी आहे. तिच्यावर बसून मी दोन तास माणसांत असते. तुम्हाला तेवढंच दिसलं.

राहिलं त्या मुलाचं, ज्याला मी ९ आठवडे आधी थांबवलं. त्याचे सकाळचे ठोके दहा दिवस नेहमीपेक्षा ८ ते १० जास्त होते, झोप तुटत होती, घाटात तो दोन शब्दांवर आला होता. एवढं पुरेसं आहे. त्याच्या जागी दुसऱ्या कोचने काय केलं असतं हा प्रश्न तुम्ही विचारला आहे, तो त्या दुसऱ्या कोचला विचारा. माझी भीती की त्याची तब्येत, यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज नाही. तो मुलगा आता दुसऱ्या गटात पळतो आणि छान पळतो, हे तुम्ही मुद्दाम लिहिलं आहे. मला माहीत आहे. त्याचे आकडे मी बघते.

फीबद्दल: महिन्याची फी सगळ्यांना आधी सांगितलेली असते, कुणावर सक्ती नाही. तुम्ही देत नाही, तेव्हा तुमचा हिशोब चुकत नाही.

हे उत्तर मी चार दिवसांत, आडवं पडून, फोनला तोंडी सांगून लिहिलं आहे. भाचीने शुद्धलेखन तपासलं. तिने 'डोळ्यांबद्दल' ते वाक्य काढलं होतं, मी परत घातलं. ठोके दोनदा १०५ च्या वर गेले, एकदा 'मॅडम'पाशी आणि एकदा त्या मुलापाशी.

रविवारी सव्वापाचला आम्ही बोगद्यापाशी जमतो. यायचं तर या, पाण्याचे कॅन उचलायला माणूस कमीच पडतो. मी नसले तर शिट्टी आणि पिशवी गटातल्या दातांच्या डॉक्टरांकडे असते. मी येणार नाही याचा मेसेज गटावर पहाटे चारला पडतो, त्याआधी मलाच माहीत नसतं. तुम्ही गटात नाही, तेव्हा चारनंतर कुणाला तरी विचारून मगच घराबाहेर पडा.