दुखतंय हे पटवायचं कोणी?

पाळीच्या रजेचा वाद भारतात वर्षा-दोन वर्षांनी पेटतोच. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या मंत्री स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी म्हणजे काही अपंगत्व नाही, मग जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की रजा सक्तीची केली तर बायकांना कामावर घ्यायलाच टाळतील, धोरण सरकारनेच ठरवावं. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले, एकीचं "आम्ही नाही का केलं सगळं", दुसरीचं "तुला दुखत नसेल". सगळ्या रजेवर बोलत होत्या, दुखण्यावर कोणीच नाही.

अमेरिकेत आले तेव्हा वाटलेलं, इथे तरी दुखतंय म्हटलं की दुखतंय. मागच्या हिवाळ्यात रात्री दोनला पित्ताच्या खड्यांनी पोटात कळ आली, इमर्जन्सीत गेलो. नर्स म्हणाली, शून्य ते दहा, किती? कळ, ठणका, सणक, पेटका, आपल्याकडे प्रत्येक दुखण्याला वेगळा शब्द आहे आणि इथे सगळ्याला एक आकडा. मी आठ म्हटलं, शांतपणे, कारण ओरडायचं नाही हेच लहानपणापासून शिकलेय. तिने काहीच टाईप केलं नाही, विचारलं, हल्ली स्ट्रेस आहे का? मग नवरा म्हणाला, ही कधी तीनच्या वर जात नाही. तेव्हा कुठे तिची बोटं हलली. माझ्या दुखण्याला नवऱ्याची साक्ष लागली, ते अजून विसरता येत नाही.

हे माझ्या एकटीचं नाही. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात इमर्जन्सीत पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला साधारण ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. आणि मुळात वेदनेवरचं संशोधनच वर्षानुवर्षं बहुतेक नर उंदरांवर झालं. २०१५ मध्ये कॅनडातल्या जेफ्री मोगिल यांच्या टीमला दिसलं की नर उंदरांत दीर्घ वेदना मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींमुळे टिकते, त्या रोखल्या की कमी होते, माद्यांत मात्र त्या रोखून फरक पडला नाही, तिथे टी-पेशींचा, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा, हात दिसला. उंदरांवरचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही हे मान्य, पण दोघांचं दुखणं एकाच वाटेने जातं हे आपण न तपासताच धरून चाललो होतो ना!

पुरुषांचंही सोपं नाही, माझा नवरा पाठ धरून महिनाभर "काही नाही" म्हणत होता.

मला रजा हवीच आहे. पण दर महिन्याला कोणी अंथरुणाला खिळत असेल तर दोन दिवस सुट्टी देऊन तिला घरी झोपवणं म्हणजे उपचार नाहीत. प्रजननाच्या वयातल्या दहापैकी साधारण एकीला एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात, कारण आधी घरचे म्हणतात जरा कळ काढ, मग डॉक्टर म्हणतात सोनोग्राफी नॉर्मल आहे, आणि हा आजार सोनोग्राफीत दरवेळी दिसतोच असं नाही.

परवा भाचीचा फोन आला, मावशी, उलटी होईपर्यंत दुखतं गं. तिला म्हटलं, आकडा नको लिहूस, तारीख लिही, किती तास उठता आलं नाही ते लिही, कुठली परीक्षा बुडली ते लिही, आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे. रात्री तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला, तीन महिन्यांत नऊ तारखा होत्या.