श्रद्धा असली की मागावं लागत नाही?

धार्मिक संस्थांच्या निधीबद्दल एक मजकूर सध्या भराभर पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं असं: श्रद्धा खरी असेल तर पैसा आपोआप येतो, मागणं हे नेतृत्वाचं अपयश, दान गुप्तच असावं आणि दिल्यावर हिशेब विचारणं म्हणजे अश्रद्धा. वाचायला सात्त्विक वाटतं, पण चांगल्या संस्थांना घातक आहे.

'पैसा आपोआप येतो.' यासाठी ख्रिस्ती धर्मप्रचारक जॉर्ज म्युलर यांचा दाखला हमखास दिला जातो. १८३६पासून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यांनी अनाथालयं चालवली, हजारो मुलं सांभाळली आणि कुणापुढे हात पसरला नाही. हे खरंच आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण म्युलर जमाखर्चासह अहवाल छापत, हे त्या मजकुरात येत नाही. १८४१मध्ये तिजोरीत खडखडाट असताना त्यांनी अहवाल मुद्दाम लांबवला, कारण अडचण वाचून लोकांनी पैसे पाठवावेत, हे त्यांना नको होतं. म्हणजे अहवालानेही लोकांचा हात सैल होतो, हे ते ओळखून होते. न मागण्याचं व्रत त्यांनी पाळलं, ते चोख हिशेबासकट. व्रत तेवढं उचलायचं आणि हिशेब सोडून द्यायचा, हे कसं चालेल?

'मागणं हे अपयश.' ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातला प्रचारक संत पौल याने जेरुसलेमच्या गरिबांसाठी ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीकडे पत्र लिहून उघड मदत मागितली. त्याच पत्रात तो मासेदोनियातल्या लोकांबद्दल लिहितो: स्वतः हलाखीत असूनही, आम्हालाही या कामात वाटा द्या, म्हणून ते त्याच्या मागे लागले होते. न मागणारा नेता अशा माणसांची संधी हिरावून घेतो. शिवाय सगळ्यांकडे मागितलं नाही, तरी खर्च थांबत नाही. मग दोन-चार बड्या देणगीदारांवर भिस्त राहते आणि हळूहळू संस्थेत त्यांचाच शब्द चालू लागतो. छोट्या देणग्या गोळा करणं कष्टाचं असतं, पण त्यानेच संस्था सगळ्यांची राहते.

'दिलं नाहीत तर कोप होईल' असं म्हणून पैसे उकळणाऱ्यांवर तो मजकूर चिडला असेल, तर तो राग रास्तच आहे. ती खंडणी झाली.

'दान गुप्तच असावं.' कुराण (२:२७१) उघड दानालाही चांगलं म्हणतं आणि गरिबाला गुपचूप देणं अधिक चांगलं मानतं. आणि गुप्त ठेवायचं ते देणाऱ्याचं नाव, संस्थेच्या वह्या नव्हेत.

राहिला हिशेब, आणि माझा खरा विरोध इथेच आहे. अमेरिकेत 'न्यू एरा' नावाच्या प्रतिष्ठानने धर्मादाय संस्थांना सांगितलं, पैसे आमच्याकडे ठेवा, निनावी दाते ते दुप्पट करतील. कितीतरी ख्रिस्ती संस्थांनी आणि महाविद्यालयांनी विश्वासाने पैसे ठेवले. १९९५मध्ये सारं कोसळलं. निनावी दाते नव्हतेच, एकाचे पैसे दुसऱ्याला दिले जात होते. संस्थापकाला पुढे तुरुंगवास झाला. आधी शंका घेतली होती ती एका ख्रिस्ती महाविद्यालयातल्या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने. कागद तपासणारा तो माणूस अश्रद्ध ठरतो का?

'नेता निष्कलंक असेल तर तपासणी कशाला?' हाही प्रश्न येतो. ज्यू परंपरेत धर्मादाय निधी गोळा करायला किमान दोघे आणि वाटायला तिघे लागत. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात त्याहून बारीक नियम आहेत. गोळा करणाऱ्याला बाजारात नाणी सापडली, तर ती स्वतःच्या खिशात घालायची नाहीत, दानाच्या पेटीत टाकायची. पेटीतली नाणी मोडून घ्यायची तर दुसऱ्याकडून, स्वतःच्या पैशांशी अदलाबदल नाही. हे नियम चोरांसाठी नव्हते, ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता त्यांच्यासाठीच होते. पौलानेही जेरुसलेमसाठी जमलेली रक्कम एकट्याच्या भरवशावर ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि कारणही लिहून ठेवलं: देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसला पाहिजे.