गटारीचं पाणी थेट उसाला? आधी हिशेब मांडा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मोबाइलवर सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय: सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हणजे पैशाचा चुराडा, गटारीचं पाणी थेट उसाला सोडा, खत फुकट मिळतं, रोगराईची भीती असेल तर तुरटी आणि ब्लीचिंग पावडर टाका, केंद्रं नाहीतरी वासच मारतात. यातलं खताचं तेवढं अर्धं खरं आहे.

गटारीच्या पाण्यात खत असतं. अडचण मापाची आहे. लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र (नायट्रोजन, युरियातलं खत ते हेच) धरा. उसाला वर्षात एकरी ६० लाख लिटर पाणी गेलं, तर २४० किलो नत्र रानात पडलं. शिफारस एकरी १०० किलोच्या आसपास. शिवाय युरिया आपण मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची शेवटची भर दिल्यावर, बंद करतो. गटार मात्र तोडणीपर्यंत नत्र देत राहते. मग उशिरा फुटवे येतात, ऊस लोळतो, साखर उतारा घटतो. वर काळ्या रानात साबणाचा सोडियम साठत गेला की जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. अथणी, कागवाड पट्ट्यात खारपड रानं आधीच कमी नाहीत.

आणि पावसाळ्यात काय? ३०,००० वस्तीत माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारीत धरलं, तर रोज ३२ लाख लिटर. जुलैत उसाला थेंब नको असतो. ते पाणी ओढ्यातून वेदगंगेत, हिरण्यकेशीत उतरतं आणि खालच्या गावाच्या जॅकवेलला, म्हणजे पिण्याचं पाणी नदीतून उचलणाऱ्या विहिरीला लागतं.

तुरटी-ब्लीचिंगचा उपाय तर कागदावरसुद्धा टिकत नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेली घाण तशीच राहते. क्लोरीन आधी पाण्यातल्या अमोनियाशी भिडतं. लिटरमागे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असेल तर जंतू मारायला मोकळं क्लोरीन उरायला किमान आठपट, म्हणजे २४० मिलिग्रॅम क्लोरीन लागेल. ३२ लाख लिटरला, ३० टक्के क्लोरीनची पावडर धरली, तर रोज सुमारे २५ क्विंटल! एवढं करूनही जंताची अंडी मरत नाहीत. ती जड असतात, संथ पाण्यात तळाशी बसतात. म्हणून त्यांच्यावर खरा उपाय तळ्यांचा. थेट पाण्यासोबत आलेली अंडी मात्र ओल्या मातीत महिनोन्‌महिने जगतात आणि अनवाणी पाण्याला जाणाऱ्याच्या हातापायांवरून, उसातल्या मेथी-कोथिंबिरीवरून घरात पोचतात.

वासाचं म्हणाल, तर धड चालणारं केंद्र फारसा वास मारत नाही. केंद्रात घाण खाणारे जिवाणू हवा द्यायच्या टाकीत पाळलेले असतात, त्यांना लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू लागतो. वीज चार-सहा तास गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की जिवाणू गुदमरतात, टाकी काळी पडते, कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तपासणी सोपी आहे: टाकीतलं एक लिटर पाणी मापाच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवा. तपकिरी गाळ खाली, निवळ पाणी वर, तर ठीक. गाळ काळा असेल तर हवा कमी पडतेय. गाळ बसतच नसेल तर तंतुमय जिवाणू माजलेत.

विजेचा भरवसा नसलेल्या छोट्या गावाला म्हणूनच तळ्यांची पद्धत जास्त मानवते. तोंडाशी जाळी, ती रोज साफ करायची. मग ३-४ मीटर खोल तळं, त्यानंतर दीड मीटरचं उथळ, शेवटी एक मीटरचं, जिथे ऊन जंतू मारतं. पाणी तिन्हींत मिळून दहा दिवसांपेक्षा जास्त थांबलं पाहिजे. जागा भरपूर लागते, दहा लाख लिटरला हेक्टरभर किंवा जास्तच, हा तिचा खरा तोटा. पहिल्या तळ्याचा गाळ काही वर्षांनी उपसावाच लागतो. उपसा टाळला की पाणी न थांबता सरळ पुढे पळतं. पहिलं तळं वस्तीपासून लांब ठेवा, वास तिथूनच येऊ शकतो.

तळ्याचं पाणी उसाला द्या, पण सरीतून; शेवाळामुळे ठिबक तुंबतं. नत्र प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या जवळ आलं तर वर्षाच्या १२ पाळ्या धरून त्यातल्या ५ च याच्या, म्हणजे नत्र १०० किलोतच राहतं, त्याही मोठ्या बांधणीच्या आत, आणि युरिया बंद. त्या फडात भाजीचं आंतरपीक नको, आणि पाण्याला जाणाऱ्याच्या पायात गमबूट हवेत.