जुन्या लेन्सला टूथपेस्ट लावू नका

'जुनी लेन्स म्हणजे सोनं' अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हिंडतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, सहा मुद्दे आहेत आणि शेवटी 'नव्या मुलांपर्यंत पोचवा' अशी विनंती. पोचला तो नव्या मुलांपर्यंत. माझ्या भाच्याने मला पाठवला, सोबत हेलिओस ४४-२ या जुन्या रशियन लेन्सचा फोटो आणि प्रश्न: "मामा, थोडी फंगस आहे म्हणून निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊन टाकू?" पोराकडे निकॉन डी५३०० कॅमेरा आहे, पहिल्या पगारातले पैसे आहेत, आणि आता सल्ला द्यायला हा फॉरवर्डही आहे. म्हणून हे लिहावं लागतंय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या काचेत शिसं असायचं, म्हणून ती आजच्या काचेपेक्षा सरस. रशियन लेन्स म्हणजे नामांकित जर्मन झाइसच. फंगस, म्हणजे बुरशी, हा नुसता डाग, टूथपेस्ट आणि कापसाने जातो. नंतर लेन्स दोन दिवस उन्हात आणि मग तांदळाच्या डब्यात ठेवायची. पिवळी पडलेली लेन्स मात्र किरणोत्सारी, तिच्याने कॅन्सर होतो. लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या पाचशे रुपयांच्या रिंगने कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर बसते. आणि जुन्या लेन्सचा भाव कधी उतरत नाही, तेव्हा डोळे झाकून घ्या.

डोळे झाकून! जी वस्तू पारखायला मुळात डोळे आणि एक टॉर्च लागतो, तिच्याबद्दल हा सल्ला.

टूथपेस्टचं आधी बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील, याने हातातली लेन्सही जाईल. हेलिओस ४४-२ मध्ये सहा काचा चार गटांत बसवलेल्या आहेत. म्हणजे हवा आणि काच जिथे भेटतात असे आठ पृष्ठभाग. त्यातले बाहेरून हाताला लागणारे किती? दोन. समोरचा एक, मागचा एक. फंगस धरते ती बहुतेक वेळा आतल्या सहांवर, अपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांच्या अलीकडे-पलीकडे, जिथे अंधार असतो आणि हवा हलत नाही. तिथपर्यंत कोलगेट नेणार कसं? लेन्स न खोलता ते शक्य नाही, आणि लेन्स खोलायची तर आतली कडी फिरवणारा स्पॅनर आणि ती पुन्हा नीट बसवणारा हात लागतो. फॉरवर्डमध्ये दोन्हींचा उल्लेख नाही.

जिथे पेस्ट पोचते तिथे काय होतं तेही ऐका. जुन्या लेन्सवर जे निळसर किंवा जांभळट कोटिंग दिसतं ते साधारणपणे मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर असतो. जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. टूथपेस्टमध्ये दातांचं किटण खरवडायला जी खडूची किंवा सिलिकाची पूड घालतात तिचा एकेक कण या थराच्या कित्येक पट मोठा. कापसाने गोल गोल घासलं की काच चकचकीत दिसते, आणि दिसणारच, कारण कोटिंग गेलेलं असतं. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे आठही पृष्ठभाग उघडे पडले तर आत शिरलेल्या प्रकाशातला चौथा हिस्सा कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. त्यातला काही लेन्सच्या आतच इकडून तिकडे आपटत राहतो आणि फोटोवर धुरकट पडदा धरतो. हा त्रास टळावा म्हणून झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ साली कोटिंगची युक्ती काढली. ती आपण पांढऱ्या पेस्टने पुसून टाकायची. आजार परवडला, औषध नको.

आता फंगस 'नुसता डाग' का नाही ते. या विषयावर कुणा यूट्यूबरवर विसंबायची गरज नाही, खुद्द झाइसने बुरशीबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय. बुरशी वाढायला काय लागतं याची यादी त्यात आहे: ७० टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता, तीही तीन दिवसांहून जास्त, १० ते ३५ अंश तापमान, अंधार, कोंडलेली हवा, आणि खायला धूळ, कापडाचे धागे, बोटांचा तेलकटपणा. ही यादी वाचताना रत्नागिरीतलं किंवा दादरमधलं जुलै महिन्यातलं कपाट डोळ्यांसमोर आलं नाही तरच नवल. जर्मन माणसाला ही परिस्थिती मुद्दाम तयार करावी लागेल, आपल्याकडे मृग लागला की ती घरपोच येते. बुरशीचे बीजाणू तर सगळीकडे असतातच, ते लेन्सपासून दूर ठेवणं कुणाच्या हातात नाही. हातात आहे ती आर्द्रता. ती ६० टक्क्यांच्या खाली राखा, असं झाइस सांगतं.

आणि मुख्य गोष्ट अशी की ही बुरशी वाढताना आम्ल सोडते, ते आधी कोटिंग आणि मग काच खातं. वेळीच पकडली तर कारागीर ती स्वच्छ पुसून देतो. उशीर झाला तर पुसल्यावरही काचेवर मुळांसारखी नक्षी उरते, आणि ती जात नाही. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतील आणि बुरशी त्या चिकटीत शिरली असेल, तर बहुतेक कारागीर हात जोडतात. विकणारा 'थोडी फंगस' म्हणतो तेव्हा यातली कोणती, हे बाहेरून त्यालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. समोरच्या काचेच्या कडेला दोन-चार तंतू असतील तर रोजच्या फोटोत ते खरंच दिसत नाहीत. सूर्य किंवा दिवा समोर घेतला की फोटो थोडा फिका पडेल, इतकंच. मागच्या काचेवरची फंगस जास्त नडते. पण 'आज दिसत नाही' म्हणजे 'पुढच्या श्रावणात दिसणार नाही' असं नव्हे.

तांदळाच्या डब्याबद्दल काय बोलायचं? तांदूळ ओल शोषतो तो अगदीच मामुली, आणि त्याची पिठूळ धूळ म्हणजे बुरशीला आयतं जेवण. त्यापेक्षा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. जुन्या लेन्ससोबत येणारं ते देखणं चामड्याचं केस शोकेसमध्ये ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून बसतं.

उन्हाचा उपाय मात्र कुठून आला ते मला कळलं, आणि इथे फॉरवर्डकाराने दोन वेगळे रोग एका पुडीत बांधलेत. ऊन खरंच एका गोष्टीवर चालतं: पिवळेपणावर. जपानच्या असाहीची सुपर ताकुमार ५० एमएम एफ/१.४ ही लेन्स घ्या. तिच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिसळलेली काच आहे. थोरियममुळे काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, वाढतो, पण त्याच्याच किरणांमुळे काच वर्षानुवर्षांत चहाच्या रंगाची होत जाते. अतिनील प्रकाशात ठेवली की हा रंग उतरतो, त्यासाठी लोक ती उन्हात ठेवतात. फंगसचं तसं नाही. उन्हाने बुरशी मेली तरी तिने खाल्लेली काच भरून येत नाही. वर उन्हात तापलेल्या लेन्समधलं जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. आणि लेन्स खिडकीत उघडी ठेवून बाहेर जाऊ नका. ती भिंगच आहे, पडदा पेटवू शकते.

म्हणजे ज्या लेन्सला ऊन हवं तिला फॉरवर्ड घराबाहेर काढायला सांगतो, आणि जिला त्याचा उपयोग नाही तिला उन्हात घालतो.

कॅन्सरचं भय आकड्यांत बघू. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २००१ साली अशा वस्तूंचा हिशेब मांडला. वर्षाला ३० दिवस, रोज सहा तास थोरियमची लेन्स अंगावर वागवणाऱ्या फोटोग्राफरला मिळणारी किरणोत्साराची मात्रा त्यात फार तर ०.०२ मिलिसिव्हर्ट धरली आहे. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असंही मिळतं. पूर्वी जत्रेत आणि लग्नाच्या वरातीत ज्या गॅसबत्त्या असायच्या त्यांच्या मँटलमध्येही थोरियमच होतं. काच फोडून तिची पूड करू नका आणि तिचं डोळ्याला लावायचं भिंग करू नका, एवढी काळजी पुरे. पिवळी ताकुमार चांगल्या भावात मिळत असेल तर मी बिनघोर घेईन.

आता पाचशे रुपयांची रिंग. इथे भाच्याचे पैसे सरळ पाण्यात जाणार होते. हेलिओस एम४२ माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारी. ही लेन्स माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर धरून बनलेली आहे. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते अंतर ४६.५ मिलिमीटर. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, 'त्यात काय' वाटेल असा. पण ५८ एमएमची लेन्स सेन्सरपासून एक मिलिमीटर जास्त दूर गेली की ती सव्वातीन मीटरच्या पलीकडे फोकसच करत नाही. रिंगची स्वतःची जाडी धरली तर त्याहूनही अलीकडे. समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरा येईल. सिंहगडावर गेलात तर समोरचा डोंगर कायमचा धूसर. काच बसवलेल्या रिंगा मिळतात, त्या फोकस परत आणतात, पण पाचशे रुपयांत जी काच येते ती लेन्सचीच धार बोथट करते. शिवाय डी५३०० ला अशी लेन्स ओळखताच येत नाही, त्यामुळे प्रकाश मोजणारा मीटर बंद आणि सगळं अंदाजाने. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिलिमीटर, तिथे साधी पातळ रिंग चालते. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर तर प्रश्नच नाही. सोनी ई चं अंतर १८ मिलिमीटर, रिंगला भरपूर जागा. 'कोणत्याही कॅमेऱ्यावर' हे दोन शब्द गाळले असते तर मुद्दा बरोबर होता.

शिशाचं म्हणाल तर फ्लिंट नावाच्या जुन्या काचेत ते असायचं, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कंपन्यांनी ते काढलं, हे खरं. त्यावरून जुनी काच सरस ठरत नाही. लेन्सचा दर्जा आराखडा, काचांची निवड, कोटिंग आणि जुळणी यांवर असतो. रशियन म्हणजे झाइस, हेही अर्धंच. हेलिओस ४४ चा आराखडा झाइस येनाच्या बायोटार ५८ एमएम एफ/२ वरून घेतलेला, यात वाद नाही. पण जुळणी क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची, पुढे इतर कारखान्यांचीही, आणि एक नग दुसऱ्यासारखा निघेलच असं नाही. तिची ती प्रसिद्ध गरगरणारी पार्श्वभूमीही एफ/२ वर, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असताना, माणूस जवळ आणि मागे झाडांची पानं असतील तरच दिसते. डी५३०० सारख्या लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात, तेव्हा निम्मी गंमत तिथेच संपते.

भाव कधी उतरत नाही म्हणे. फंगसवाल्या लेन्सचा तर घेतानाच उतरलेला असतो, म्हणून तर ती निम्म्यात मिळते. हिशेब करायचाच तर लेन्सच्या किमतीत खोलून साफ करण्याची मजुरी मिळवा, ती मुंबईच्या बोरा बाजारातल्या किंवा तुमच्या गावातल्या कारागिराला आधी फोटो दाखवून विचारा, आणि मग बेरीज स्वच्छ नगाच्या भावाशी ताडून बघा. बहुतेक वेळा स्वच्छ नग स्वस्त पडतो.

लेन्स हातात आली की अपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा आणि समोरून बघा. चमकणारे धुळीचे ठिपके सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे फंगस, सगळीकडे सारखी दुधाळ साय म्हणजे ग्रीसची वाफ, कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे काचांची चिकटी सुटतेय. फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच अडली तर ग्रीस सुकलंय. पाती तेलकट असतील तर लेन्स कोणती ते बघा. हेलिओस ४४-२ मध्ये ती हाताने फिरवायची असल्याने काम अडत नाही, ताकुमारसारख्या ऑटो अपर्चरवाल्या लेन्समध्ये तेच तेल पाती चिकटवून ठेवतं.

लांबून घेताय तर हाच टॉर्चचा फोटो विक्रेत्याकडे मागा. 'फोटोवर काही परिणाम होत नाही' हे उत्तर आलं आणि फोटो आला नाही, तर पुढची लेन्स बघा. हेलिओस ४४ लाखोंनी बनल्या आहेत.