शाळा बदलायच्या आधी पोराला वाचायला बसवा

बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावर आमचा कट्टा संध्याकाळी सातला भरतो. परवा भाऊ सेव-उसळीची प्लेट हातात घेऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "म्युनिसिपालिटीची शाळा संपली. ज्याला जमेल त्यानं पोराचा दाखला काढावा, घरी शिकवावं, आणि चौदा पूर्ण झाल्यावर ओपनमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून, दहावीला बसवावं."

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना हे सोसेना. "भाऊ, याच गावात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं होतं. पोर शाळेत आलं नाही तर आईबापाला दंड व्हायचा. १९११ मध्ये गोखल्यांनी इंग्रजांच्या कौन्सिलात तसंच विधेयक मांडलं, ते नामंजूर झालं. जे बाकीच्या देशाला मिळत नव्हतं ते बडोद्याला मिळालं, आणि तुम्ही म्हणता दाखला काढा."

"महाराजांनी पोरं शाळेत आणली, कबूल. आजही ती शाळेतच आहेत की. वाचता येत नाही, त्याचं काय?"

भाऊंचा हा प्रश्न अगदी रास्त होता. 'असर' म्हणजे मुलांना वाचता-मोजता येतं का ते तपासणारी पाहणी. तिच्या २०२४च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४८.८ टक्के निघाली. २०१८ मध्ये हाच आकडा ५०.५ होता, कोरोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ झाला, आता थोडा सावरलाय. ही पाहणी खेड्यांतली आहे, बडोदं शहर त्यात येत नाही, हे मास्तरांनी लगेच सांगितलं. पण पुढचा आकडा त्यांनीच काढला: सरकारी शाळांत ४४.८, खाजगीत ५९.३. म्हणजे फी भरूनही शंभरातली चाळीस पोरं पाचवीत अडखळतात. शिवाय खाजगीत जाणाऱ्या पोरांच्या घरी बहुतेक वेळा शिकलेली आई असते, शिकवणी असते. तो फरक वजा केला तर शाळेच्या इमारतीचा वाटा किती उरतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

वहिनी मुक्त विद्यालयाच्या मुलांना शिकवतात. त्या आपल्या बाजूनं बोलतील असं भाऊंना वाटलं असावं. वहिनींनी आधी वाट नीट सांगितली, मग तिच्यातले खड्डे.

"एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी, दोनांहून जास्त भाषा चालत नाहीत. वर दोन जादा विषय घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एकेक विषय सुटा देता येतो, पास व्हायला ३३ टक्के. दहावी मराठीतून देता येते, गुजरातीतूनही."

"मग अडलं कुठे?" भाऊंनी विचारलं.

"चार ठिकाणी अडतं. पहिलं, टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय. त्याला २० टक्के वजन असतं आणि पालक त्याची तारीखच चुकवतात. दुसरं, प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. गृहविज्ञान सोपं म्हणून घेतात आणि प्रात्यक्षिकाला जातच नाहीत. तिसरं, दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं. पोरगं हुशार आहे, एका वर्षात बारावी उरकू, असं ठरवलं तर ते बसत नाही. चौथं, विषय निवडताना पुढचा विचार नसतो. दहावीला गणित अवघड म्हणून सोडलं आणि दोन वर्षांनी डिप्लोमा आठवला, की सगळं परत."

अण्णा तोवर गप्प होते. ते वकिलाकडे कारकुनी करतात, कायद्याची कलमं त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, खरा खड्डा तर वहिनींनी सांगितलाच नाही, तो नववीचा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला, आणि तो धरतो सहा ते चौदा वर्षं, पहिली ते आठवी. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल वयाला साजेशा वर्गात घ्यावंच लागतं आणि मागे पडलेलं भरून काढायला त्याला खास शिकवावं लागतं. म्हणजे घरी शिकलेलं पोरगं अकराव्या वर्षी परत आणलं तर दार उघडं आहे. आठवी ओलांडली की ते दार कायद्यानं धरून ठेवलेलं नाही. नववीचा प्रवेश मागच्या वर्गाच्या निकालावर होतो, आणि घरी शिकलेल्याकडे निकालपत्रच नसतं. "म्हणून जे काय ठरवायचं ते बाराव्या-तेराव्या वर्षाला ठरवा. एक तर आठवी संपायच्या आत परत शाळेत, नाहीतर सरळ ओपन. अध्येमध्ये लटकलेली पोरं अडकतात."

घरशाळेचं म्हणाल तर कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. महाराजांच्या कायद्याहून हा इथे मऊ आहे. मात्र चार पालकांनी मिळून बंगल्यात 'शाळा' काढली, पाटी लावली, फी घेतली, की कलम १८ लागतं: मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड, आणि पुढेही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. अण्णांचं म्हणणं, गट करायचा तर तो उघडपणे शिकवणीचा वर्ग असू द्या, शाळा म्हणून मिरवू नका.

खाजगी शाळांत गरीब घरांतल्या पोरांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांची गोष्टही निघाली, लवकर संपली. खाजगी शाळेतली ती जागा आठवीपर्यंत मोफत, नववीला पूर्ण फी. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेलं पोरगं नववीत गुजराती माध्यमात आणावं लागलं तर विज्ञानाचे शब्दच त्याला परके असतात. अर्ज भरतानाच नववीचे पैसे कुठून येतील ते बघून ठेवावं.

भाऊ म्हणाले, "म्हणजे कुठेच जाऊ नये म्हणता?"

तेव्हा मास्तरांनी जे काढलं ते बडोदेकरांना माहीत असायला हवं. २००१ ते २००३ या काळात मुंबईतल्या आणि आपल्या बडोद्यातल्या म्युनिसिपालिटीच्या शाळांत 'प्रथम' संस्थेनं बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस पोरं वर्गातून बाहेर घ्यायची आणि रोज दोन तास अक्षरं, शब्द, वाचन, बेरीज-वजाबाकी, एवढंच शिकवायचं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याची मोजदाद केली. त्या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ मध्ये नोबेल मिळालं. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळातल्या पोरांचे. बडोद्यात तेव्हा शाळांना सरकारनं चार-चार संगणक दिले होते, बहुतेक ठिकाणी लहान वर्गांच्या हाताला ते लागतच नव्हते. त्यावर चौथीच्या पोरांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ खेळायला दिले. गणित चांगलंच सुधारलं, भाषेत फरक पडला नाही.

"आणि नंतर?" वहिनींनी विचारलं.

"वर्षानं परत मोजलं तेव्हा फायदा बराच ओसरला होता. थांबलं की गळतं. पण शाळा तीच होती, भाऊ, शिक्षक तेच होते, भिंतीसुद्धा त्याच. बदललं एवढंच, की पोराला त्याच्या इयत्तेचं न शिकवता त्याला जेवढं येतं त्याच्या पुढचं शिकवलं."

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. तिसरीपासूनची पुस्तकं वाचता येतं असं धरूनच लिहिलेली असतात. ज्याचं दुसरीत राहिलं त्याला पुढे कुणी मागे वळून शिकवत नाही, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. त्यात कायद्याचं प्रमाणच असं की साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. पाच वर्ग, दोन माणसं. एकाकडे तीन वर्ग आले तर चार तासांच्या दिवसात एका वर्गाला शिक्षक मिळतो एक तास वीस मिनिटं, तेही माहिती भरायचं काम नसेल तेव्हा. अकरा महिन्यांच्या करारावरचा शिक्षक, म्हणजे ज्ञानसहायक, असेल तर पोरांची नावं पाठ होईतो वर्ष सरतं. ढकलपासला सगळे शिव्या घालतात, पण नुसतं नापास केलं तर तेच पोर त्याच न कळणाऱ्या पुस्तकासमोर आणखी एक वर्ष बसेल.

घरी शिकवणाऱ्यांचंही तसंच होतं. नऊ वर्षांचं पोर घरी आणतात आणि चौथीचं पुस्तक उघडतात. पोर 'पाटी'चा पा बघतं आणि 'पाणी' म्हणतं. पहिलं अक्षर वाचायचं, बाकी अंदाज. आईला वाटतं घाई करतोय. त्याला मात्रा आणि जोडाक्षरं फुटतच नसतात. ५२ वजा २७ दिलं तर ३५ लिहितं, कारण सातातून दोन काढणं सोपं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सोडवायचा हे त्यानं कधी हातानं केलेलंच नसतं. त्याला झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे द्या आणि दोन सुट्या. सत्तावीस काढ म्हणा. रबर सोडून एक गठ्ठा मोकळा केल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही. दहा-बारा वेळा रबर सोडलं की मगच कागदावर या.

भाऊंनी प्लेट खाली ठेवली. "मग तपासायचं कसं? परीक्षा घ्यायची?"

वहिनींनी पिशवीतून वही काढली आणि पानावर चार चौकोन आखले. एकात दहा सुटी अक्षरं. दुसऱ्यात दहा सोपे शब्द, जोडाक्षर नको. तिसऱ्यात पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद. चौथ्यात दुसरीच्या पातळीची सात-आठ वाक्यांची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. तीनपर्यंत चुका झाल्या आणि वाक्य वाक्यासारखं वाचलं, तर गोष्ट द्यायची. शब्दाशब्दाला थांबलं तर शब्दांकडे उतरायचं: कोणतेही पाच, चार बरोबर हवेत. तिथेही अडलं तर अक्षरं, पुन्हा पाचात चार. पाच मिनिटांचं काम. मध्येच चूक सुधारायची नाही, "अरे, हे तर काल घेतलं होतं" म्हणायचं नाही.

"कोणत्या लिपीत घ्यायचं?" अण्णांनी विचारलं. बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न खराच आहे. बोलणं मराठीत, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी, आजीकडून शिकलेली अक्षरं बाळबोध, म्हणजे देवनागरी. शिरोरेषा नसलेलं गुजराती अक्षर आणि देवनागरी यांत काही जोड्या सारख्या, काही अगदीच वेगळ्या.

मास्तर म्हणाले, ज्या लिपीत शाळेत शिकतो तीच आधी. वहिनींना ते पटलं नाही. त्यांच्या मते गोष्टीचा अर्थ घरच्या भाषेतच विचारावा, नाहीतर वाचलं पण कळलं नाही की कळलं पण सांगता आलं नाही, हे उमगत नाही. शेवटी वाचायचं गुजरातीत, सांगायचं मराठीत, असं ठरलं. मास्तर गुजराती गोष्ट लिहून आणणार आहेत, एकही जोडाक्षर न घालता. पहिल्याच ओळीत त्यांना 'मित्र' खोडावा लागला.