सोमवारी छाती, मंगळवारी पाठ: फोटोग्राफरला हा तक्ता का चालत नाही

जिममध्ये नाव घातलं की हातात एक तक्ता पडतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय. रोज ठरलेल्या वेळी ऑफिस सुटणाऱ्या माणसाला तो ठीक आहे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या फोटोग्राफरचा तक्ता दोन-तीन आठवड्यांत कोलमडतो आणि खापर फुटतं आळसावर. माझ्या मते आळसाचा इथे फारसा संबंध नाही. काम वारांवर चालत नसेल तर व्यायामही वारांवर बांधता येत नाही. तो बुकिंगच्या डायरीवर बांधावा लागतो, आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरावा लागतो. बहुतेकांची गाडी या दुसऱ्या भागात अडते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'दिवसभर शूटवर पळतोय, वेगळा व्यायाम कशाला?' असं या धंद्यात सर्रास म्हटलं जातं. वजनाचा हिशोब बघा. फुल फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, साधारण ६५० ते ९०० ग्रॅम. २४-७० एफ २.८ लेन्स ७०० ते ९०० ग्रॅम. ७०-२०० एफ २.८ नव्या मिररलेसची असेल तर किलोभर, जुनी डीएसएलआरची असेल तर दीड किलो. दोन बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश धरले तर अंगावर साडेतीन ते पाच किलो होतात, तेही दहा-बारा तास. हे वजन दमवायला पुरेसं आहे, पण ताकद वाढवायला अजिबात नाही. स्नायू मजबूत होतात ते हळूहळू वाढत जाणाऱ्या भारामुळे आणि मधल्या विश्रांतीमुळे. शूटवरचा भार वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, बहुधा एकाच खांद्यावर असतो, आणि विश्रांती कधी मिळेल ते समोरचा कार्यक्रम ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. शूटवरची चाल पहिल्या खात्यात थोडीफार जमा होते. दुसऱ्या खात्यात शून्य.

शरीर कुठे कुरकुरतं तेही ठरलेलं असतं. कंबर धरते ती खालचा अँगल घेताना गुडघ्यात न वाकता पाठीतून वाकल्याने. मान आणि एका बाजूचा खांदा आखडतो एकेरी पट्ट्याने. कोपराची बाहेरची बाजू दुखते, कारण जड लेन्सची बॉडी उजव्या हाताने आवळून धरली जाते आणि मनगट मागे वळलेलं राहतं. यावर उपाय अगदी साधा आहे: डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, आणि फ्रेम नसेल तेव्हा कॅमेरा खाली. हात पुढे ताणून कॅमेरा धरला की तेच दोन किलो खांद्याला कितीतरी जड पडतात, कारण भार सांध्यापासून लांब जातो. दोन बॉडी वापरत असाल तर दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस घ्या. पण त्याचे पट्टे लांब ठेवून कॅमेरे मांडीपर्यंत लोंबकळू देऊ नका. चालताना ते झुलतात आणि प्रत्येक हेलकावा कंबरेला सावरावा लागतो.

आता व्यायाम. दोनच सत्रं पुरतात, त्यांना ए आणि बी म्हणू. ए मध्ये गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून बैठका) किंवा स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठका), एका हाताचं रोइंग (पुढे झुकून वजन कमरेकडे ओढणं), पुश-अप आणि सूटकेस कॅरी. सूटकेस कॅरी म्हणजे एकाच हातात वजन घेऊन, एका बाजूला न झुकता, ३०-४० मीटर चालायचं आणि मग हात बदलायचा. एकतर्फी बॅग वाहणाऱ्या माणसासाठी यापेक्षा कामाचा व्यायाम मला माहीत नाही, आणि जिममध्ये तो जवळपास कुणीच करत नाही. बी मध्ये रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, कमरेतून झुकत वजन मांड्यांलगत खाली नेणं आणि वर येणं), डंबेलने ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), स्टेप-अप (पायरीवर चढणं-उतरणं), रबर बँडने फेस पुल (बँड चेहऱ्याकडे ओढणं), आणि दिवसभर उभं राहण्यासाठी पोटऱ्यांचे काफ रेझ. प्रत्येकाचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये सहा ते बारा रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा. वजन एवढं घ्या की सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटेल. सगळ्या सेटमध्ये बारा रेप्स जमायला लागल्या की पुढच्या वेळी वजन एक पायरी वाढवा. वॉर्मअप धरून ४०-४५ मिनिटं.

आणि मुख्य नियम असा की आज वार कोणता ते बघायचंच नाही. मागच्या वेळी ए झालं असेल तर आता बी, मग ते परवा होवो की पाच दिवसांनी. मध्ये एक दिवस सोडला की पुरे. वारांच्या तक्त्यात बुधवार हुकला की 'पाय राहिले' ही टोचणी लागते, मग गुरुवारी दोन दिवसांचं एकदम करायचा मोह होतो आणि शुक्रवारी शूटवर जिना उतरवत नाही. रांगेच्या पद्धतीत काही हुकतच नाही, फक्त पुढे सरकतं. वेळ अगदीच नसेल तर त्या सत्रातले पहिले दोन व्यायाम, दोन-दोन सेट. वीस मिनिटांत आटोपतं आणि तेही पूर्ण सत्र म्हणूनच मोजायचं.

शूटच्या आजूबाजूला मात्र काटेकोर राहा. व्यायामानंतरचं अंग दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वात जास्त असतं. म्हणून पूर्ण दिवसाच्या शूटआधी ४८ तास पायांचा जड व्यायाम नको. त्या काळात रांगेत नेमकं पायांचं काही असेल तर वजन निम्मं करा, किंवा फक्त वरच्या अंगाचं उरका. नवा व्यायाम तर भर सीझनमध्ये सुरूच करू नये. सवय नसलेल्या हालचालीने अंग सर्वात जास्त दुखतं, मग वजन हलकं का असेना. शूटच्या दुसऱ्या दिवशी २०-३० मिनिटं सावकाश चालणं, बास. पुढचं सत्र तिसऱ्या दिवशी.

सीझनमध्ये प्रगतीचा हट्ट सोडावा, असं मी ठामपणे म्हणेन. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात लोकांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांड्यांचे व्यायाम केले. नंतर ३२ आठवडे एका गटाने त्याच्या फक्त एक नवमांश केले, म्हणजे आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एक सेट. विशीतल्या-तिशीतल्या लोकांचे स्नायू तेवढ्यावर टिकले. साठीच्या पुढच्यांची ताकद बरीचशी टिकली, पण स्नायूंचा आकार टिकवायला त्यांना जास्त लागलं असतं. अट एकच, भार कमी करायचा नाही. सेट कमी करा, दिवस कमी करा, पण डंबेल तेच ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. 'सीझन आहे, हलकंच करू' म्हणत रोज लुटुपुटूचे डंबेल हलवतात, त्यात वेळही जातो आणि ताकदही.

वजन उतरवण्याचं उद्दिष्टही ऑफ-सीझनला ठेवा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, यापेक्षा घाई नको. बारा तासांचं शूट, पाच तासांची झोप आणि वर कमी खाणं असं त्रांगडं केलं की दोन-तीन दिवसांनी भूक सगळं व्याजासकट वसूल करते. शूटनंतरच्या सकाळी काट्यावर उभंच राहू नका. दिवसभर उभं राहणं, बाहेरचं खारट खाणं आणि अपुरी झोप यांमुळे शरीरात पाणी धरलं जातं आणि काटा किलोभर जास्त दाखवू शकतो. ती चरबी नसते. बघायचीच असेल तर सात दिवसांची सरासरी बघा.

शूटच्या दिवशीचं खाणं हा नियोजनाचा भाग आहे, नशिबाचा नाही. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जायला हवं, आणि ते उभ्याने, एका हाताने, कपड्यांवर न सांडता खाता येईल असं हवं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. शूटवर एवढं जुळणं अवघड असतं, म्हणून निघण्याआधीच्या जेवणात ३०-४० ग्रॅम उरकून घ्या. पाण्याची बाटली बॅगेच्या तळाशी गेली की प्यायली जात नाही, ती बाजूच्या कप्प्यातच हवी. स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून पाणी टाळणारे फोटोग्राफर खूप आहेत. संध्याकाळचं डोकं दुखणं हा बहुतेकदा त्याचाच हिशोब असतो. कॉफीचं म्हणाल तर शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेली कॉफी रात्री बारालाही अर्धी अंगात असते.

रात्री घरी आल्यावर करायचं काम एकच: कार्डं दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करायची आणि झोपायचं. कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि कलिंग, म्हणजे ठेवायचे फोटो निवडून बाकीचे गाळणं, तर अजिबात सुरू करायचं नाही. 'जरा बघतो' म्हणून उघडलेले फोटो दीड तास खातात, आणि थकलेल्या डोळ्यांनी केलेली निवड सकाळी पुन्हा करावी लागते.

शूटपेक्षा जास्त नुकसान एडिटिंगची खुर्ची करते. ज्या कामात हजारो फ्रेम्स येतात, तिथे शूटच्या एका तासामागे टेबलावर दोन ते तीन तास सहज जातात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी, अंतर हातभर. माउसने मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर पेन टॅबलेट घ्या, आणि रेटिंग, पुढचा फोटो, क्रॉप ही कामं कीबोर्डच्या शॉर्टकटवर न्या. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब बघा. उठायला निमित्त या कामातच भरपूर आहेत. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने कॉपी व्हायला सव्वापाच मिनिटं लागतात. प्रिव्ह्यू तयार होतात, एक्स्पोर्ट चालतो, अपलोड चालतो. हा वेळ लोक त्याच खुर्चीत बसून मोबाइलवर घालवतात. त्याऐवजी नियम करा: प्रोग्रेस बार दिसला की उभं राहायचं. तेवढ्यात मांडीचा पुढचा भाग ताणा, भिंतीला पाठ लावून हात वर-खाली करा, किंवा जिना चढून या.

आता पैसे, कारण वरचं सगळं तिथेच अडकतं. एक पूर्ण दिवसाचं शूट म्हणजे एक दिवस नव्हे. अर्धा दिवस तयारी, एक दिवस शूट, अर्धा दिवस अंग सावरायला, दोन ते तीन दिवस एडिटिंग, डिलिव्हरी आणि दुरुस्त्या. म्हणजे चार ते पाच दिवस. अशी चार कामं घेतली की महिन्याचे १६ ते २० दिवस गेले. सहा घेतली तर २४ ते ३०, आणि बिलं, चौकशांना उत्तरं, उपकरणांची देखभाल अजून बाकीच. सहा कामांच्या महिन्यात आधी व्यायाम जातो, मग झोप, मग घर. तेव्हा ताळेबंदात बरा दिसणारा महिना प्रत्यक्षात पुढच्या महिन्याकडून उसना घेतलेला असतो. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याची कंबर धरली तर बदली फोटोग्राफरचे पैसे स्वतःच्या खिशातून जातात. म्हणून दर ठरवताना महिन्यातले ३० दिवस धरू नयेत. खरोखर विकता येणारे दिवस मोजून त्यावर दर काढावा.

करारात चार ओळी असाव्यात. किती तासांचं काम आणि त्यापुढे तासाला किती, सहा तासांहून मोठ्या कामात जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी, बॅग आणि लाइट उचलायला सहायकाचा खर्च, आणि डिलिव्हरीची मुदत. मुदत स्वतःच्या सर्वोत्तम वेगावर देऊ नका. दोन आठवड्यांत होत असेल तर चार लिहा. लवकर दिलं तर कुणी भांडत नाही. सहायकाला 'चैन' समजणारे बरेच आहेत. मला तो खर्च नव्या लेन्सच्या आधीचा वाटतो.

घराचं गणित तुलनेने सोपं आहे, फक्त ते उघडं ठेवावं लागतं. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा एकाच कॅलेंडरमध्ये पक्की बुकिंग एका रंगात, नुसत्या चौकशा दुसऱ्या रंगात. बाकीच्यांचा सुट्टीचा दिवस हा फोटोग्राफरचा कामाचा दिवस असतो, त्यामुळे आठवड्यातला एक मधला दिवस ठरवून बंद ठेवा आणि त्या दिवशी फोनही बंद ठेवा. मुलं लहान असतील तर जिमला जाऊन-येऊन दीड तास मोडण्यापेक्षा वजन बदलता येणारी डंबेलची जोडी आणि एक रबर बँड घरात ठेवलेलं परवडतं. ए आणि बी दोन्ही तेवढ्यात होतात. पहाटेच्या उजेडात काम करणाऱ्यांनी सकाळच्या व्यायामाचा नाद सोडावा. त्या दिवशी दुपारी, जेवणाआधी, वीस मिनिटांचं छोटं सत्र जास्त टिकतं.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. व्यायामाने आलेलं दुखणं काही दिवसांत आपोआप ओसरतं. पण रात्री झोपेतून उठवणारा खांदा, बोटांना येणाऱ्या मुंग्या, पकड ढिली पडून हातातून वस्तू सुटणं, किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ ही पट्टा बदलून जाणारी दुखणी नव्हेत. यातलं काही दिसलं तर डॉक्टरची वेळ आधी घ्या आणि नवी बुकिंग त्यानंतर. आणि पायात बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर वेळबीळ न घेता थेट तातडीच्या विभागात जा.